वन्संचं वेगळं ताट

वन्संनी वेगळं ताट घेतलं आणि माझ्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. बाकी म्हणाल तर काहीसुद्धा घडलं नव्हतं. पोवई नाक्याकडून रिक्षांचे हॉर्न येत होते. पुढच्या खोलीतल्या आमच्या एसटीडी बूथमध्ये कुणी म्हातारं पुण्यातल्या लेकाला म्हैस व्याल्याची बातमी अशा आवाजात सांगत होतं की फोनची गरजच नव्हती. आणि आमचे सुभेदार, म्हणजे माझे मालक, फौजेत सरहद्दीकडं बघत असतील तसे मीटरच्या लाल आकड्यांकडं बघत बसले होते. वन्सं म्हणजे रंगुबाई, सुभेदारांची थोरली बहीण. उंब्रजजवळ त्यांचा ऊस, त्यांची जनावरं, सगळा पसारा. पण अधूनमधून साताऱ्याला भावाकडं चक्कर असतेच. आल्या की आम्ही दोघी एका ताटात जेवतो. कुणी कुणाला सांगत नाही. मी ताट वाढते, त्या समोर मांडी ठोकतात, कांदा बुक्कीनं फोडतात आणि मोठा वाटा माझ्याकडं सरकवतात. त्या दिवशी मात्र त्यांनी स्वतः उठून मांडणीवरचं दुसरं ताट काढलं, पदरानं पुसलं आणि हातभर लांब सरकून बसल्या. "का वो वन्सं?" मी म्हटलं. "गरमी लय हाय," म्हणाल्या आणि खाली मान घालून जेवायला लागल्या. आता गरमीचा आणि ताटाचा काय संबंध, सांगा!

तुम्ही म्हणाल, बाई, एका ताटाचं एवढं काय घेऊन बसलीस? तर ऐका. आदल्या वर्षी सांगलीच्या दवाखान्यात माझी डावी बाजू काढली. कॅन्सर हा शब्द आमच्या घराण्यात कुणी तोंडातून काढत नाही. 'तो आजार' म्हणतात, नवऱ्याचं नाव घ्यायचं टाळावं तसं. आणि 'तो आजार' म्हटल्यावर माणसं जरा मागं सरकतात, अगदी वीतभरच, पण ज्याच्यापासून सरकतात त्याला ते बरोबर कळतं. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी माझ्यासाठी कानतुटका कप वेगळा काढून ठेवला होता. तोंडानं किती गोड! "तुझं तुला बरं पडतं गं संयोगिता." बरं कसलं पडतं डोंबलाचं? चहा पिताना तो तुटका कान बोटाला टोचायचा आणि मी हसून "व्हय, व्हय" म्हणायची. मग त्यांच्या नातवाचं बारसं आलं. बायकांची पंगत बसली, माझ्या डाव्या हाताची जागा मोकळी, उजव्या हाताचीही मोकळी, पलीकडं मात्र बायका चिंचेच्या आकड्यासारख्या एकमेकींना चिकटलेल्या. वन्सं उशिरा आल्या. दारात उभं राहून त्यांनी एकदा पंगतीवरून नजर फिरवली, तरातरा चालत आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि माझ्या ताटातली, मी दात लावलेली पुरणाची पोळी उचलून त्यांनी तोंडात घातली. सगळी पंगत बघत होती. तर म्हणाल्या, "लागायचं आसंल तर पयलं मला लागंल. तुमी निवांत जेवा." तूप तेवढं त्यांनी पुन्हा मागून घेतलं. माझ्या घशात पोळी अडकली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते ठसक्यानं आलं असं मी दाखवलं. त्या दिवसापासून ते ताट.

आणि नुसतं ताटच नव्हे. दवाखान्यातून मी घरी आले तेव्हा त्या आपला ऊस, आपली म्हैस, आपला नवरा सगळं लालासाहेबावर, म्हणजे त्यांच्या लेकावर, सोपवून माझ्याकडं येऊन राहिल्या. मला आंघोळ घालायच्या. पहिल्यांदा आरशात बघायचं माझं धाडस होत नव्हतं तर आरशासमोर स्वतः आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आदी माझं थोबाड बग, मग तुझं तुला बरंच दिसंल." हात वर जात नव्हता माझा. टाके निघाल्यावर दवाखान्यात सांगितलं होतं की भिंतीसमोर उभं राहायचं आणि मुंगी चढावी तशी बोटं भिंतीवर चढवायची, रोज थोडी जास्त. मी थोडी चढवायची, कळ आली की रडायची, सोडून द्यायची. वन्संनी काय करावं? करंडा आणला, माझी बोटं जिथवर पोचली तिथं कुंकवाचं बोट उठवलं. "उद्या ह्येच्या वर." दुसऱ्या दिवशी त्याच्या वर एक. मग त्याच्याही वर. भिंतीवर खालून वर कुंकवाची बोटंच बोटं. बूथवर येणारा एक पैलवान गडी आतल्या खोलीत डोकावला, त्यानं ती बोटं बघितली, चप्पल काढली, हात जोडले आणि सुभेदारांना विचारलं, "कुठल्या देवीचं ठाणं हाय वो?" आमचे सुभेदार मीटरवरची नजर न काढता म्हणाले, "घरचीच हाय. कडक हाय. लांबनंच नमस्कार करा." मी आतून हसले तर टाक्यांची जागा ओढली, पण हसले. बऱ्याच दिवसांनी हसले होते, म्हणून ते अजून लक्षात आहे.

अशा वन्संनी वेगळं ताट घेतलं. माझं डोकं असं फिरलं म्हणता! म्हटलं, झालं, ह्याही गेल्या. एवढे दिवस दमानं घेतलं बिचारीनं, आता पुरे झालं असेल. कुणीतरी कान भरले असतील, जाऊबाईच, दुसरं कोण. मी भाकऱ्या अशा थापल्या की सुभेदार पुढच्या खोलीतून "परात फुटंल" म्हणाले. "फुटू दे," म्हटलं. राग आला की मला काम सुचतं. सगळे डबे घासून काढले, खिडकीच्या जाळ्या धुतल्या, आणि मनात वन्संशी कडाकडा भांडत होते. तोंडानं मात्र "चहा घेता का?" माणूस दुखावलं की किती शहाण्यासारखं बोलतं! पण तिरक्या नजरेनं त्यांच्याकडं बघायचं काही सुटेना. त्या आपलं ताट वेगळं घासत होत्या. राखेनं घासून उन्हात पालथं घालत होत्या. ज्याला दुसऱ्याचं लागायची भीती असते तो दुसऱ्याचं ताट लांब ठेवतो. स्वतःचं असं कशाला घासेल? हे डोक्यात आलं खरं, पण बसलं नाही. संध्याकाळी माझी धाकटी लेक शाळेतून आली आणि सवयीनं आत्याच्या मांडीवर आडवी झाली. वन्संनी तिचं डोकं हळूच उचललं आणि डावीकडून उजवीकडं घेतलं. बस्स. माझ्या हातातला फडका खाली पडला. कारण डावीकडून उजवीकडं डोकं कसं घेतात ते मला माहीत आहे. मी तसंच घेत होते, डॉक्टरकडं जायच्या आधी, कुणाला काही सांगायच्या आधी.

मी त्यांना हाताला धरून मोरीत नेलं आणि कडी लावली. "पदर काढा." "येड लागलंय व्हय गं तुला?" "माझं तुम्ही एवढे दिवस बघितलंत, आता मी बघते." त्या भिंतीला टेकल्या. थोरलं माणूस ते, सगळं गाव त्यांना वचकून असतं, ते माझ्यासमोर लहान पोरीसारखं डोळे मिटून उभं होतं. दवाखान्यात शिकवलं होतं तशी बोटं सपाट ठेवून मी हात फिरवला. होती. सुपारीएवढी, गोल, गुळगुळीत, बोटाखाली इकडून तिकडं सरकणारी. माझी तशी नव्हती, माझी खड्यासारखी रुतून बसलेली होती. पण मी कोण सांगणार? "कवापासनं?" माझ्या तोंडातून त्यांचीच बोली निघाली. "उसाची तोड चालू झाली तवापासनं." "आणि गप्प बसलात?" मग त्या जे बोलल्या ते ऐकताना मी मोरीच्या कठड्यावर खाली बसले. "आगं, बारशाला सगळ्यांम्होरं बोलून बसले न्हवं का, लागायचं आसंल तर मला लागंल म्हनून? आता मला झालंय म्हनलं की तुझी जाऊ गावभर टिमकी वाजवंल. बगा, रंगी तिच्या ताटात जेवली, आता भोगतीया. पुन्ना समदी तुझ्यापासनं लांब बसतील." "म्हणून तुम्ही असंच मरणार होता?" "मरतंय कोन? पर तुला पुन्ना त्यो तुटका कप मिळाला आसता, त्ये मला बगवलं नसतं. आन् ताट येगळं अशापायी की तुझं तुला उलटं परत लागाय नगं."

एखाद्यावर इतकी माया करून त्याला इतका वैताग कसा आणता येतो, हे वन्संनाच जमावं. मी त्यांना मिठी मारली आणि त्याच मिठीत त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. पण रात्री अंथरुणावर पडले तेव्हा माया बाजूला राहिली आणि मी दुसराच हिशेब करायला लागले. हा आजार लागत नाही, हे सांगलीच्या अक्षता डॉक्टरांनी मला दवाखान्यात समजावून सांगितलेलं होतं, चार बायकांना मीही ते शहाणपणानं सांगितलेलं होतं. डोक्याला ते पटलेलं होतं. पोटाला कुठं पटलेलं होतं? जखमेचं पाणी निपटणारे त्यांचे हात दिसत होते, माझी उष्टी पोळी दिसत होती, माझ्या अंगावरचा टॉवेल घेऊन घाम पुसणाऱ्या वन्सं दिसत होत्या. आणि जर लागत असेल तर? डॉक्टरांना तरी सगळं कुठं कळतं, म्हणून तर त्या अजून ह्या आजाराचा अभ्यास करतात ना? मग ह्या बाईला मी मारलं. मला आंघोळ घालता घालता तिला मी मारलं. असा विचार आला आणि मी अंथरुणावर उठून बसले. उजाडायची वाट बघत बसणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

सकाळी सांगलीची गाडी धरली. वन्संनी आधीच बजावलं होतं, "उंब्रजला गाडी थांबली की मी उतरनार. म्हशीला वैरन कोन घालनार?" गाडीत तुडुंब गर्दी, त्यांना कडेची जागा मिळाली आणि मी शेजारी उभी. नागठाणे मागं गेलं तसा ड्रायव्हरनं असा करकचून ब्रेक मारला की सगळी गाडी पुढं झुकली, आणि मी पडले नाही. का नाही पडले म्हणून वर बघते तर माझा डावा हात वरच्या दांड्याला धरून उभा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वर्षभर मी त्याला शिंकाळ्यातल्या अंड्यासारखा जपत होते, आणि तो आपला बिनधास्त वर जाऊन लोंबकळतोय! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. एक म्हातारबुवा उठून "ताई, बसा" म्हणाले तर मी "नको, मला उभंच राहायचंय" म्हटलं. त्यांनी माझ्याकडं आणि मग वन्संकडं असं बघितलं की दोघींतली दवाखान्याची नक्की कोणती, असा त्यांना प्रश्न पडला असावा. ज्या कामाला निघाले होते ते आठवून मला शरम वाटली, आणि तरी तो हात काही मी खाली घेतला नाही. बाहेर ऊस पळत होता. काळजी आणि आनंद एकाच वेळी पोटात असतात, एकमेकांना ओळखही देत नाहीत, परक्या दोन बायका एका बाकावर बसाव्यात तशा.

उंब्रज आलं. वन्संनी पिशवी उचलली आणि उठल्या. "सर गं." मी समोरच्या सीटच्या दांड्याला धरून हात आडवा घातला. तोच, डावा. "ओलांडून जा." "सर म्हनते न्हवं?" "ढकला की मला." वन्संनी माझ्या हाताकडं बघितलं. ऊस तोडणारी, म्हशीला शिंगाला धरून वळवणारी बाई. तिला माझा हात म्हणजे काय, काडी! पण तो हात तिनं भिंतीवर चढवला होता, बोट बोट करून. "उजवा आडवा घाल, मग बगते तुला," त्या म्हणाल्या. "उजव्यात पिशवी आहे." मागची माणसं "आवं मावशी, उतरताय का बसताय?" म्हणून खोळंबली होती. कंडक्टर ओरडला, "बाई, घरचं भांडान घरी करा, गाडीला टाइम हाय!" वन्सं त्याच्यावर उखडल्या. "तुला काय करायचंय रं? न्हाई उतरायचं आमाला! तिकीट सांगलीचं काढलंय!" आणि धपकन खाली बसल्या. कऱ्हाड आलं, इस्लामपूर गेलं, त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत; फक्त मधे एकदा पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढून न बघताच माझ्या हातावर ठेवल्या.

दवाखान्याच्या मोठ्या खोलीत त्या दिवशी खेड्यापाड्यांतल्या बायका जमल्या होत्या. अक्षता डॉक्टर म्हणजे इथल्याच, कृष्णाकाठच्या. बायकांत बसून बायकांसारखं बोलतात, त्यामुळं निम्मा आजार तिथंच उतरतो. पोरीसारखी अंगलट, पण हात लावला की कळतं. त्या एका चित्रावर दाखवत होत्या, आंघोळीच्या वेळी स्वतःला कसं तपासायचं, बोटं टोचायची नाहीत, सपाट फिरवायची. "ह्या वयात आंग चाचपायला शिकवत्यात," वन्सं माझ्या कानात पुटपुटल्या. पण मान पुढं काढून बघतही होत्या. मग अभ्यासासाठी प्रत्येकीला काही विचारायचं असतं, पाळी कधी आली, मुलं किती, अंगावर किती दिवस पाजलं. वन्सं एरवी परक्याला नावसुद्धा सरळ सांगायच्या नाहीत, पण ह्या प्रश्नाला त्यांची कळी खुलली. "आमचा लालासाहेब न्हवं का! शाळंला जायाला लागला तरी प्यायचा. दप्तर टाकायचा आन् म्हनायचा, आये, बस खाली." सगळी खोली हसून गडबडा लोळली. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "आता काय करतोय?" "आता मिशी राखलीया," वन्सं म्हणाल्या. डॉक्टरांनाही हसू आवरेना. मी हसत होते आणि आतून आमचं नाव पुकारतात का म्हणून दाराकडं बघत होते.

आत नेलं तेव्हा वन्संनी माझा हात सोडला नाही. डॉक्टरांनी तपासलं, मशीनवर बघितलं, मग म्हणाल्या, "सुई घालून बघते मावशी, मुंगी चावेल एवढंच." मी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडं बघत होते. वर्षापूर्वी मी त्याच चेहऱ्याकडं असंच बघितलं होतं, आणि त्या गप्प झाल्या होत्या. आताही गप्पच होत्या. सुई आत गेली, वन्संनी माझी बोटं अशी आवळली की बांगडी रुतली. आणि मग त्या नळीत काहीतरी चढायला लागलं. पिवळट, पातळ, शेंगतेलासारखं. चढत राहिलं. डॉक्टरांनी कापूस दाबला आणि म्हणाल्या, "आता लावा हात." वन्संनी भीत भीत हात लावला. इकडं लावला, तिकडं लावला. "गेली कुटं?" "ही काय नळीत. पाण्याची गाठ होती. तो आजार नाही." मी मटकन स्टुलावर बसले. वन्संना मात्र तेवढ्यानं भागेना. "म्हंजी हिच्याकडनं आलेली न्हवं?" "कॅन्सर असा कुणाकडून लागतच नाही, मावशी." "एका ताटातनं?" "नाही." "उष्टं खाऊन?" "नाही." "हिला न्हाऊ घातलं, हिच्या चिंध्या धुतल्या, हिच्या जखमंचं..." "नाही, नाही, नाही." डॉक्टर हसायच्या थांबल्या आणि त्यांचा हात धरून म्हणाल्या, "पण पुन्हा गाठ लागली तर घरी बसून कारण शोधायचं नाही. इथं यायचं. पुढच्या महिन्यात एकदा दाखवून जा, पाणी परत भरतं का बघू." वन्संनी मान डोलावली, पदर नीट केला, बाहेर आल्या आणि बाकांवर बसलेल्या अनोळखी बायकांना खणखणीत आवाजात म्हणाल्या, "लागत न्हाई गं बायांनो! म्या खात्री करून घेतलीया!"

बाहेर बदामाच्या झाडाखाली पार होता. माझ्या अंगात वारं शिरलं होतं, नाचू का गाऊ झालं होतं. रात्रभर छातीवर बसलेली धोंड उठून गेली होती. वन्सं माझ्या ताटातली पोळी खाऊन मेल्या नव्हत्या, मी कुणाला मारलं नव्हतं, जग होतं तसंच होतं आणि ऊन काय सुंदर पडलं होतं! पण वन्सं पारावर तोंड पाडून बसलेल्या. "आता काय झालं?" मी विचारलं. बराच वेळ त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "संगे, मी तुला लय शिव्या दिल्यात गं." "कधी?" "रोज. उसाला पानी पाजताना दिल्यात, धार काढताना दिल्यात. हिच्यापायी मला झालं, हिच्यापायी मी मरनार, आसं म्हनायचे. तोंडानं माया करायचे आन् मनात शिव्या मोजायचे. आन् आता ती डाक्टरीन म्हनतीया, लागतच न्हाई. म्हंजी समद्या फुकटच दिल्या." त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आणि मला, काय सांगू, मला इतकं बरं वाटलं! वर्षभर सगळी माझ्याशी गोड बोलत होती, जाऊबाईसुद्धा गोड, सुभेदारसुद्धा कधी नव्हे ते गोड. आजारी माणसाला कुणी शिव्या देत नाही. "फुकट कशाला घालवता," मी त्यांच्यासमोर उभी राहिले, "त्या द्या की आता तोंडावर." "आगं, येडी का खुळी?" "द्या म्हणते ना!" वन्संनी इकडंतिकडं बघितलं, नाक पुसलं आणि सुरुवात केली. "भवाने!" "हं." "अवदसे! टवळे! कैदाशिनी! माझी म्हस आटली तुझ्या घोरापायी, मुडदे! तुझ्या तोंडात माती पडली!" आवाज चढत गेला. दवाखान्याचा वॉचमन बिडी विझवून धावत आला, "मावशी, हे हास्पिटल हाय," म्हणाला, तर त्यालाही एक बसली. रस्त्यावरची माणसं थांबली. मी पोट धरून हसत होते, आणि त्या शिव्या देता देता रडत होत्या, रडता रडता हसत होत्या, आणि मग एकदम थांबल्या. धापा टाकत उभ्या राहिल्या.

"एवढ्याच?" मी म्हटलं.

"व्हत्या की लय. पर आता आठवंनात गं."

"आठवा, वन्सं, आठवा. गाडीला अजून वेळ आहे."